माळ्यावरचा कॅरम बोर्ड

आठवीच्या वर्गात 'इतिहासाची साधने' हा धडा शिकवायला घेतला की आम्ही मुलांना एक गृहपाठ देतो. घरातील सर्वांत जुनी वस्तू शोधायची, ती कोणी आणली, कुठून आणली हे मोठ्यांना विचारायचे आणि पाच ओळी लिहून आणायच्या. मुले पानदान लिहितात, तांब्याची देग लिहितात, दादाजानचे घड्याळ लिहितात. एकाने तर रेशनकार्ड लिहून आणले होते, आणि ते चूक होते असे आम्हांला आजही वाटत नाही. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून उलटा सवाल आला, "सर, आपके घर में सबसे पुराना क्या है?" आम्ही फारसा विचार न करता सांगून टाकले, "कॅरम बोर्ड." वर्ग हसला. एक मुलगा म्हणाला, "सर, वो तो मोबाईल में होता है ना?"

तो मुलगा मस्करी करत नव्हता. त्याने कॅरम फक्त मोबाईलच्या काचेवर पाहिला होता. काचेवर बोट ओढले की स्ट्रायकर सुटतो आणि नेम कुठे लागणार त्याची रेषाही मोबाईलच आखून देतो. नखाला बसणारी कळ, पावडरचा वास, कोपऱ्यातल्या जाळीत सोंगटी पडल्याचा आवाज, यातले काहीच त्याच्या ओळखीचे नव्हते. आमच्या पिढीला जी गोष्ट भिंतीवरच्या खुंटीसारखी कायमची वाटली होती, ती एका पिढीत नाहीशी झाली आणि आम्हांला पत्ताही लागला नाही.

आम्ही राहतो आणि शिकवतो ते पेणकरपाडा म्हणजे मीरारोड पूर्वेचा, दहिसर चेकनाक्याच्या अंगाचा भाग. नाव पाड्याचे आहे, पण आज एका बाजूला लहान कारखान्यांचे गाळे, दुसऱ्या बाजूला चाळी आणि इमारती, आणि हमरस्त्याच्या वर मेट्रोचा पूल. मीरा-भाईंदरला नगरपालिका मिळाली १९८५ मध्ये आणि महानगरपालिका झाली २००२ मध्ये. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली जी असंख्य मुस्लिम कुटुंबे मीरारोडकडे सरकली त्यांत आमचेही एक होते. आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो. मदनपुऱ्यातील खोलीतले अर्धे सामान तिथेच टाकून आलो असे अम्मी सांगते. पण टेम्पोत कॅरम बोर्ड मात्र चढला. तो इथे आला, माळ्यावर गेला आणि तीस वर्षे तिथेच राहिला. आमच्या घरात कोणीही कधी कॅरम खेळलेले आम्ही पाहिले नाही.

वर्गातल्या त्या सवालानंतर आम्ही स्टूल घेऊन माळ्याकडे हात केला, तेव्हा खाटेवरून अब्बांचा आवाज आला, "उसे नीचे नको उतार." बस्स, एवढेच. कारण विचारले तर त्यांनी कूस बदलली.

बोर्ड खाली उतरला नाही. आम्ही एका ओळखीच्या माणसाकडून दुसरा जुना बोर्ड मिळवला आणि शाळा सुटल्यावर तासभर मुलांना शिकवायला लागलो. चौथ्या दिवशी एक पालक दारात उभे. अदबीने बोलले, पण स्पष्ट बोलले. "मास्टरसाब, हम बच्चों को तालीम के लिए भेजते हैं. केरम क्लब में बैठने वाले लड़के आपने देखे नहीं क्या?" आम्ही पाहिले होते, म्हणून तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही. घरात अब्बांची मनाई, शाळेत पालकांची नाराजी. मग या खेळाचा गुन्हा तरी काय आहे, तो आला कुठून आणि बदनाम कधी झाला, हे शोधायचे आम्ही ठरवले. वाचकहो, हा लेख त्या शोधाचा हिशेब आहे.

नाव आपल्याच अंगणातले

पहिली गंमत नावातच आहे. बिलियर्डच्या खेळात आपला चेंडू मारून एकापाठोपाठ दोन चेंडूंना स्पर्श करण्याच्या फटक्याला 'कॅरम' म्हणतात. इंग्रज खेळाडूंच्या तोंडी त्याचेच 'कॅनन' झाले. हा 'कॅरम' शब्द फ्रेंच 'कारांबोल'चे लघुरूप आहे आणि फ्रेंचमध्ये कारांबोल म्हणजे बिलियर्डचा लाल चेंडू. त्याच्याही मागे गेले तर पोर्तुगीज 'कारांबोला' हे एका फळाचे नाव लागते. काही कोशकार सांगतात की त्या फळावरूनच चेंडूला नाव पडले.

हे फळ कोणते? शाळेच्या फाटकाबाहेर मीठ-मिरची लावून ज्याच्या चांदणीसारख्या चकत्या मिळतात तेच. आमची मुले त्याला 'कमरख' म्हणतात. जुन्या मराठीत त्याला 'करंबळ' म्हणत, आणि पोर्तुगीज 'कारांबोला'चे मूळ बहुधा हेच मराठी करंबळ असावे असे इंग्रजी कोशांत दिलेले आढळते. करंबळाच्या मागे संस्कृत 'कर्मरंग' आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज हकिमाने या फळाची नोंद केली आहे.

आपला वसई-भाईंदरचा पट्टा १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. घोडबंदरचा किल्ला त्या काळाची साक्ष देत आजही उभा आहे. एखादा शब्द या किनाऱ्यावरून जहाजात चढावा, युरोपच्या दिवाणखान्यात चेंडू होऊन फिरावा, तिथून अमेरिकेला जावा आणि शेवटी मदनपुऱ्याच्या गॅलरीत 'केरम' होऊन परत यावा, हा प्रवास आम्हांला तरी कोणत्याही मुसाफिराच्या सफरनाम्याइतका रंजक वाटला.

एक मास्तर आणि वाया जाणारी मुले

नावानंतर लाकूड. कोपऱ्यांना जाळीचे खिसे असलेला चौकोनी बोर्ड कारखान्यात बनवून विकायला सुरुवात झाली ती अमेरिकेत, मिशिगन राज्यातील लडिंग्टन या गावी. काळ १८९० च्या सुमाराचा. लडिंग्टन हे मोठ्या सरोवराच्या काठचे, लाकडाच्या धंद्यावर जगणारे गाव. तिथे हेन्री हॅस्केल नावाचा गृहस्थ होता. तो रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवत असे. गावातली पोरे संध्याकाळ झाली की पूल खेळायच्या अड्ड्यांवर जातात, तिथे दारू आहे, पैशाची बाजी आहे, हे त्याला पाहवेना. पोरांना घरातच बिलियर्डसारखा खेळ मिळाला तर ती घरी बसतील असे त्याच्या मनात आले. त्याने अठ्ठावीस इंच चौरसाचा बोर्ड तयार केला. सोंगट्यांच्या जागी लाकडी कड्या होत्या. त्या बोटाने टिचकी मारून किंवा आखूड काठीने मारायच्या. एकाच बोर्डावर अनेक खेळ खेळता यावेत म्हणून दोन्ही बाजूंना निरनिराळी चित्रे रंगवलेली. पुढे याच खेळाच्या नावाने त्या गावात कंपनी उभी राहिली.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. एका शिक्षकाने मुलांना क्लबातून बाहेर काढण्यासाठी जो बोर्ड बनवला, त्याच बोर्डाचे आपल्या मोहल्ल्यात क्लब झाले, आणि आज आपले पालक मुलांना त्या बोर्डापासून वाचवायला शाळेच्या दारात उभे राहतात!

कॅनडातली हकीकतही अशीच आहे. तिथे 'क्रोकिनोल' नावाचा गोल बोर्डाचा खेळ आहे. मधोमध एक खळगा, त्याच्याभोवती लहान खुंट्या. टिचकीने लाकडी चकती अशी सरकवायची की खुंट्यांना चुकवून ती खळग्यात बसावी. माहीत असलेल्या सर्वांत जुन्या बोर्डांपैकी एक १८७६ मध्ये ऑन्टॅरिओ प्रांतात बनलेला आहे. एकार्ट वेटलॉफर नावाच्या कारागिराने तो आपल्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी घडवला. त्या भागातील मेनोनाईट पंथाचे लोक फार कर्मठ. पत्ते आणि नाच म्हणजे त्यांच्या लेखी सैतानाची कामे. पण क्रोकिनोल त्यांच्या घरात चालला. टिचकीच्या खेळात त्यांना पाप दिसले नाही. आज हा खेळ त्या मुलखाबाहेर फारसा कोणाला माहीत नाही, पण तिथे आजी-नातू एका मेजावर बसून तो अजून खेळतात.

आपल्याकडचा बोर्ड

हिंदुस्थानात कॅरमचा जन्म कोणी लावला यावर पुष्कळ बोलले जाते. कोणी राजेमहाराजांचे नाव घेतो आणि पतियाळाच्या राजवाड्यातील काचेच्या पृष्ठभागाच्या बोर्डाचा दाखला देतो. कोणी ब्रह्मदेश सांगतो, कोणी इजिप्त. वर्गात आम्ही मुलांना सांगतो की दावा वेगळा आणि पुरावा वेगळा. इथेही तेच लागू करावे. एवढे खरे की पहिल्या महायुद्धानंतर हा खेळ आपल्याकडे सामान्य माणसांच्या घरात शिरला आणि त्याचे रूप आपल्याकडे येऊन बदलले. कड्या गेल्या, भरीव सोंगट्या आल्या. काठी गेली, बोट राहिले. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल राणी. राणी नुसती घेऊन भागत नाही, तिच्यामागून आपल्या रंगाची सोंगटी घेऊन तिला 'कव्हर' द्यावे लागते.

१९५६ मध्ये अखिल भारतीय कॅरम फेडरेशनची स्थापना झाली. १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन स्थापन झाले. पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये दिल्लीत भरली आणि ती चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी जिंकली. १९९५ मध्ये कोलंबोत ते पुन्हा विजेते ठरले आणि १९९६ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईचा प्रशांत मोरे २०१६ मध्ये बर्मिंगहॅम येथे जगज्जेता झाला. त्या स्पर्धेत भारताच्या संघात रियाझ अकबरअली हा महाराष्ट्राचाच खेळाडूही होता. रिझर्व्ह बँक, आयुर्विमा महामंडळ, पेट्रोलियम कंपन्या यांचे संघ मोठ्या स्पर्धांत उतरत आले आहेत. म्हणजे या बोटाने कित्येकांच्या घरची चूल पेटवली आहे.

नियमही ऐकण्यासारखे आहेत. खेळाचे पृष्ठ सुमारे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर चौरस, म्हणजे हॅस्केल मास्तरच्या बोर्डाहून जेमतेम एक इंच मोठे. खिसा साडेचार सेंटिमीटरच्या आत. सोंगटीचे वजन पाच ते साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड नको, आणि तो हस्तिदंती किंवा धातूचा चालत नाही. बोर्डावर दिवा टांगायचा तो साठ ते शंभर वॅटचा. पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा एक गेम. डाव चालू असताना खुर्ची सरकवायची नाही, जागेवरून उठायचे नाही. स्ट्रायकर रेषांना नीट स्पर्श करून ठेवायचा. त्याला टिचकी मारायची, ढकलायचे नाही. हात कोपऱ्यातल्या बाणाच्या रेषेपलीकडे जाऊ द्यायचा नाही.

हे नियम एखाद्या मस्तीखोर मुलाला वाचून दाखवा. त्याला वाटेल मास्तरने वर्गाचेच नियम नव्याने लिहिले! या खेळात ताकदीला फारशी किंमत नाही. सगळा खेळ तोलाचा आहे. बाकीच्या बोटांवर हाताचा भार, मनगट सैल, नखाशी जेवढे हवे तेवढेच बळ. जोरात मारणाऱ्याची सोंगटी खिशाच्या कडेला आपटून परत येते. हलक्या हाताने मारणाऱ्याची सोंगटी कडेवर क्षणभर थांबल्यासारखी होते आणि आत पडते. रागावलेल्या माणसाला कॅरम खेळता येत नाही, हे आम्ही स्वतःवरून शिकलो.

बदनामी कशी झाली

मग हा खेळ बदनाम का झाला? याचे उत्तर आम्हांला मुंबईच्या गल्ल्यांतच शोधावे लागले. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत असतील तर पुरुषांनी संध्याकाळी जायचे कुठे? मैदान नाही, वाचनालय नाही. गॅलरीच्या टोकाला, दुकानाच्या फळीवर, मंडळाच्या खोलीत एक बोर्ड आणि एक दिवा लावला की चार खेळणारे आणि दहा बघणारे यांची सोय झाली. गिरणीतून दुसरी पाळी करून आलेला माणूस पहाटेपर्यंत तिथे बसे. कॅरम हा गरीब वस्तीचा दिवाणखाना होता.

मोहल्ल्यातला सोपा प्रकार पॉइंटचा. काळीला दहा, पांढरीला वीस, राणीला पन्नास. मोजायला सोपा, म्हणून पैसे लावायलाही सोपा. आधी चहाची बाजी, मग सिगारेटची, मग नोटांची. जिथे पैसे आले तिथे मागची खोली आली, दारात उभा राहणारा माणूस आला, हप्ता आला. २०१० मध्ये आलेल्या 'स्ट्रायकर' या हिंदी चित्रपटात मालाडच्या मालवणीतील हीच दुनिया दाखवली आहे. मालवणी इथून काही फार दूर नाही. त्या वस्त्यांतून उठून मीरारोडला आलेल्या आमच्या मोठ्यांच्या मनात कॅरम म्हणजे ती मागची खोली आहे. शाळेच्या दारात आलेल्या त्या पालकांचे म्हणणे हवेतले नव्हते. त्यांनी कोणाचे तरी घर बुडताना पाहिले असणार.

आमच्या धर्मात जुगार हराम आहे, यात कोणाचेच दुमत नाही. परंतु खेळ आणि जुगार या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. बुद्धिबळावरून फकिहांमध्ये शतकानुशतके चर्चा झाली. कोणी त्याला सरसकट मना केले. इमाम शाफई यांच्याविषयी सांगितले जाते की त्यांनी त्याला नापसंत मानले, पण हराम ठरवले नाही. बाजी लावली किंवा नमाज चुकली तर मात्र कोणीच सूट दिली नाही. त्याच काळात बगदादच्या दरबारात अस्-सूलीसारखे विद्वान शतरंजवर ग्रंथ लिहीत होते आणि खलिफा अल्-मुक्तफीसमोर डाव मांडत होते.

प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही १९२४ ची कथा आणि त्यावरचा सत्यजित राय यांचा १९७७ चा चित्रपट आपल्याला ठाऊक आहे. ती पाहून पुष्कळांना वाटते की शतरंजने अवध बुडवले. इतिहासाचे पुस्तक उघडले तर १८५६ मध्ये अवध खालसा करणारा हुकूम डलहौसीच्या राजवटीचा दिसतो. नवाब आणि सरदार बेफिकीर असतील, पण तोफा कंपनीच्या होत्या. एखाद्या खेळावर दोष टाकला की बाकीच्यांची चौकशी राहून जाते. मोहल्ल्यात मैदान का नव्हते, वाचनालय का नव्हते, आणि हजारो माणसांच्या हाताला एकाएकी काम का उरले नाही, हे प्रश्न मागे पडतात आणि केरम क्लब तेवढा लक्षात राहतो.

अब्बांची हकीकत

इथवरचा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही तो एका रविवारी अब्बांना वाचून दाखवला. मराठी त्यांची पक्की आहे, सातारकडचे आहेत. लडिंग्टनच्या मास्तरची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारले, "उस मास्टर के बोर्ड पे पैसा लगता था क्या?" आम्ही म्हणालो, नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर जे बोलले ते आम्ही छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

अब्बा गिरणीत साचे खात्यात होते. १९८० साली त्यांनी आणि त्यांच्या एका सुतार दोस्ताने मिळून हा बोर्ड बनवला. चौकटीचे सागवान एका पाडलेल्या घराच्या दारांचे. सबंध गॅलरीत असा बोर्ड दुसऱ्या कोणाकडे नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले काही दिवस सुट्टीसारखे गेले. सकाळपासून बोर्ड मांडायचा, दोस्तांनी हसायचे, घरून चहा यायचा. दोन महिन्यांनी चहा येणे बंद झाले. मग कोणीतरी सांगितले की अमक्या खोलीत चांगल्या बोर्डाला भाडे मिळते आणि चांगल्या बोटाला त्याहून जास्त. अब्बा बोर्ड डोक्यावर घेऊन तिथे गेले.

सुरुवातीला जिंकले. घरात आटा आला, तेल आले. दादीने विचारले नाही. मग हरू लागले. ती हार भरून काढायला पुन्हा बसले. शेवटी एका संध्याकाळी दादीच्या कानातल्या बुगड्या पेढीवर गहाण पडल्या. त्या तिच्या आईने दिलेल्या होत्या. मागताना अब्बांनी औषधाचे कारण सांगितले होते. दादीने आरशासमोर न जाता, चुलीजवळ बसल्या-बसल्याच त्या काढून दिल्या. ते पैसे त्याच रात्री गेले. बुगड्या कधीच सुटल्या नाहीत. गिरणीही पुन्हा नीट सुरू झाली नाही. अब्बा पुढे गाळ्यांत, गोदामांत, मिळेल तिथे काम करत राहिले. दादी १९९९ मध्ये वारली. शेवटपर्यंत तिच्या कानांची भोके रिकामी होती आणि शेवटपर्यंत तिने या विषयावर एक शब्द काढला नाही. "उने एक बार बोलती तो अच्छा था," अब्बा म्हणाले.

आम्ही विचारले, मग बोर्ड जाळला का नाही, टेम्पोत का चढवला? अब्बांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्हीच खुळे आहोत. "सागवान है. फेंकते क्या?"

आम्हांला त्या रात्री शाळेच्या दारात उभे राहिलेले ते पालक आठवले. त्यांच्या घरातही कोणाच्या तरी बुगड्या असतील. त्यांच्याशी आम्ही मनातल्या मनात फार वाद घातला होता. आता तो वाद आम्ही सोडून दिला आहे.

दाराशी उभ्या मुली

शाळेतला बोर्ड मात्र सोडला नाही. त्या पालकांना आम्ही बोलावून घेतले आणि काही अटी त्यांच्यासमोरच लिहून काढल्या. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास. भिंतीवरच्या घड्याळाने सुरू, घड्याळाने बंद. हजेरीची वही. चॉकलेटचीसुद्धा बाजी नाही. असरच्या नमाजेला ज्याला जायचे त्याला वाट मोकळी. आणि पालकांपैकी कोणीही, कधीही, न सांगता येऊन मागच्या बाकावर बसावे. ते स्वतः तीनदा येऊन बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी एका मुलाला अंगठ्याने मारायचा फटका दाखवला आणि लगेच हात मागे घेतला. आम्ही पाहिले नाही असे दाखवले.

एक चूक मात्र आमची होती. पहिले दोन महिने बोर्डाभोवती सगळी मुलेच होती. मुली दप्तर पाठीवर घेऊन दाराशी उभ्या राहायच्या, थोडे बघायच्या आणि जायच्या. आम्हांला ते दिसत होते, खटकत नव्हते. खेळ बघणाऱ्या मुली आणि खेळणारी मुले हे चित्र आमच्या डोळ्यांना इतके सवयीचे झालेले! एका मुलीने विचारले, "सर, लड़कियों का दिन कौन सा है?" तिने परवानगी मागितली नव्हती, फक्त वार विचारला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमची विश्वचषक स्पर्धा झाली. तिथे चेन्नईच्या काझिमा या सतरा वर्षांच्या मुलीने महिला एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तिन्ही सुवर्णपदके मिळवली. तिचे वडील रिक्षा चालवतात. तामिळनाडू सरकारने तिला एक कोटी रुपयांचे बक्षीस दिले. तिचा फोटो आम्ही वर्गात लावला. आमच्या शाळेत रिक्षा चालवणाऱ्यांच्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी जगज्जेती होईल असे स्वप्न आम्ही कोणाला विकत नाही. पण राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत कॅरम आहे, मुलींचा गट आहे. त्या गटात उतरायला मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत. एक बोर्ड, एक दिवा आणि संध्याकाळचा एक तास लागतो. तो तास आपल्या मुलींना कोणी द्यायचा, एवढाच सवाल आहे.

आता मंगळवार मुलींचा आहे. एका बोर्डाने भागेना, म्हणून आम्ही घरी पुन्हा विषय काढला. या वेळी अब्बांनी मना केले नाही. बोर्ड उतरवला तेव्हा प्लायचा एक कोपरा फुगलेला होता आणि जाळ्या उंदरांनी खाल्लेल्या होत्या. चौकट मात्र जशीच्या तशी. अब्बांनी नायलॉनचा दोरा मागवला आणि चार दिवस बसून चारही जाळ्या स्वतः विणल्या. बोर्ड रिक्षातून शाळेत नेताना ते सोबत आले. खेळा म्हटले तर मान हलवली. मागच्या बाकावर बसून राहिले. एका मुलीचा स्ट्रायकर वारंवार उडत होता. बऱ्याच वेळाने अब्बा उठले, तिच्या जवळ गेले आणि म्हणाले, "बेटी, कोहनी नीचे. हात को आराम दे." बोर्डाला त्यांनी हात लावला नाही.

वाचकहो, आपल्या मोहल्ल्यांचा इतिहास दस्तऐवजांत फार थोडा आहे. गिरण्या, दंगली, स्थलांतर यांच्यावर लिहिले गेले, लिहिले जाईल. पण संपातल्या दुपारी माणसे कशी बसत होती, कोणत्या गॅलरीत कोणाचे बोट नावाजलेले होते, कोणत्या घरात बोर्ड उलटा टांगून ठेवला गेला आणि का, हे आपल्या मोठ्यांच्या पोटात आहे आणि ते त्यांच्याबरोबर जाईल. तुमच्या घरच्या माळ्यावर असा एखादा बोर्ड असेल तर तो उतरवण्याआधी जरूर विचारा. नाही म्हटले तर थांबा, आणि पुन्हा एकदा विचारा.

मुलांना दिलेला गृहपाठ आम्हीही या वर्षी पूर्ण केला. घरातील सर्वांत जुन्या वस्तूविषयी पाच ओळी. चार ओळी बोर्डाच्या आहेत. पाचवी दादीच्या बुगड्यांची आहे. त्या घरात नाहीत, म्हणूनच ती लिहून ठेवली.